बेगुनकोदरचे रिक्त पद

सरकारी कार्यालये बंद होण्याची कारणे मी नोकरीच्या काळात पुष्कळ वाचली. उत्पन्न नाही, इमारत मोडकळीस आली, कर्मचारी उपलब्ध नाहीत. परंतु भुतामुळे बंद पडले अशी ख्याती असलेले रेल्वे स्थानक मला एकच ठाऊक आहे: पश्चिम बंगालमधील बेगुनकोदर.

पुरुलिया हा मूळचा बिहारमधील मानभूम जिल्ह्याचा भाग. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी पश्चिम बंगालला जोडला गेला. तेथे झालदा आणि कोटशिला यांच्या दरम्यान १९६० च्या सुमारास हे लहानसे स्थानक उघडले. लाचन कुमारी नावाच्या तेथील राणीने त्यासाठी प्रयत्न केले होते, असे सांगतात. पुढे १९६७ साली रुळांवर पांढऱ्या साडीतील स्त्री दिसल्याची वार्ता एका रेल्वे कर्मचाऱ्याकडून पसरली. स्टेशनमास्तरच्या मृत्यूचा संबंधही लोकांनी तिच्याशी जोडला. कर्मचारी तेथे राहण्यास तयार होईनात. त्याच वर्षी स्थानक बंद झाले.

येथे प्रशासकाने थोडे थांबावे. स्थानक म्हणजे फलाट नव्हे. तिकीट देणारा, निशाण दाखवणारा, रात्री कंदील घेऊन जागणारा माणूस म्हणजे स्थानक. तो माणूस गेला की गाडी थांबण्याचे प्रयोजनच उरत नाही. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीचे अध्यक्षपद भूषविलेले पुरुलियाचेच बासुदेव आचार्य यांनी पुढे उघडपणे म्हटले होते की, आडगावची नेमणूक टाळण्यासाठी कर्मचाऱ्यांनीच ही कथा रचली असावी. मला हे पटते. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रामागच्या चिंचेवर असेच काही वास्तव्यास होते, आणि बदल्यांच्या हंगामात त्याचा उपद्रव विशेष वाढे! अर्थात भीती साऱ्यांचीच खोटी असते, असे मी म्हणणार नाही. वस्तीपासून दूर, रात्री एकट्याने काम करणाऱ्या माणसाला सोबतीला दुसरा माणूस देण्याऐवजी आपण त्याला कारणे दाखवा नोटीस देतो.

भुर्दंड पडला तो गावकऱ्यांवर. गाडी दारावरून धावत होती आणि ती पकडण्यासाठी दुसऱ्या स्थानकावर जावे लागत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी समिती स्थापून पाठपुरावा आरंभिला. ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना, २००९ साली, म्हणजे ४२ वर्षांनी, बेगुनकोदर पुन्हा उघडले. मात्र उघडले ते हॉल्ट म्हणून. ज्या पदांवर कोणी टिकत नव्हते ती भरली गेलीच नाहीत. तिकीटविक्री खाजगी व्यवस्थेकडे सोपविण्यात आली.

डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम बंग विज्ञान मंचाच्या कार्यकर्त्यांनी तेथे एक रात्र काढली. भूत आढळले नाही. आवाज काढून घाबरवू पाहणारी काही माणसे मात्र आढळली. सकाळी कार्यकर्ते परतले. त्यानंतरच्या रात्री तेथे मुक्कामास राहील, असा रेल्वेचा एकही कर्मचारी नेमलेला नव्हता.