जलघड्याळ

पाण्याच्या प्रवाहावरून वेळ मोजण्याचे प्राचीन साधन. वेळ दाखवणाऱ्या उभ्या शंकूची सावली रात्री आणि ढगाळ दिवशी कामाची नसते; अशा वेळी इजिप्त, बॅबिलोनिया, ग्रीस आणि भारत येथील लोकांनी पाण्याचा आधार घेतला. मात्र तळाला छिद्र असलेल्या भांड्यातील पातळी उतरू लागली की छिद्रावरचा दाब घटतो आणि धार मंदावते. सारखा वेळ सारख्या मापात कसा पकडायचा, हा या साधनापुढचा खरा प्रश्न होता, आणि त्याची जी उत्तरे निघाली ती आजही थक्क करतात.

ज्ञात जलघड्याळांपैकी सर्वांत जुने घड्याळ इजिप्तमधील कर्नाक येथे १९०४ मध्ये सापडले. हे अलाबास्टरचे पात्र तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या काळातील (इ. स. पू. चौदावे शतक) आहे. त्याच्या भिंती तोंडाशी रुंद व तळाकडे निमुळत्या होत जातात. सुरुवातीला धार जोरात असली तरी रुंद भागातील पातळी सावकाश उतरते. धार मंदावते तेव्हा पात्रही अरुंद झालेले असते. आतल्या बाजूला बारा महिन्यांसाठी खुणांच्या बारा निरनिराळ्या रांगा आहेत. इजिप्तमध्ये रात्र लहान असो वा मोठी, तिचे बारा तास पाडत. त्यामुळे तासाची लांबी ऋतूप्रमाणे बदलत असे.

बॅबिलोनियात पाणी तोलून वेळ मोजत. ‘मूल-अपिन’ या खगोलविषयक ग्रंथात वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीसाठी चार माना आणि सर्वांत लहान रात्रीसाठी दोन माना पाणी सांगितले आहे. त्या प्रदेशात या दोन रात्रींचे खरे प्रमाण दीडपटीच्या आसपास आहे, दुप्पट नाही. सरळ भिंतींचे भांडे रिकामे व्हायला लागणारा वेळ पाण्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून दुप्पट पाण्याला सुमारे १.४ पट वेळ लागतो, असा खुलासा गणितेतिहासकार ओटो नॉइगेबाउअर यांनी सुचवला. तो सर्वांना मान्य नाही, पण आकडे विलक्षण जुळतात.

अथेन्सच्या न्यायालयांत वादी-प्रतिवादींना बोलण्याचा अवधी पाण्यानेच मापून देत. तेथील उत्खननात सापडलेले मातीचे भांडे सुमारे सहा मिनिटांत रिकामे होते. कायद्याचे कलम किंवा साक्ष वाचली जात असताना पाणी अडवून ठेवत. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने (इ. स. पू. तिसरे शतक) पाणी साठवणारे घड्याळ सुधारले. झिजू किंवा तुंबू नये म्हणून त्याने छिद्र सोन्यात किंवा रत्नात पाडले, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो. साठणाऱ्या पाण्याबरोबर तरंगता भाग वर सरके व त्यावरून वेळ कळे.

भारतात कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कुंभाला छिद्र पाडून एक आढक पाणी गळण्याच्या काळाला नालिका म्हटले असून, चार माष सोन्याची चार अंगुळे लांब तार हे छिद्राचे माप दिले आहे. पुढे हे गळते भांडे मागे पडले आणि घटिकापात्र रूढ झाले. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अहोरात्रात अशा ६० घटिका. इथे मधली पातळी वाचायचीच नसते, पूर्ण बुडणे तेवढे मोजायचे असते. दाबाचा प्रश्न ही युक्ती साधेपणाने बाजूला सारते. सातव्या शतकात नालंदा येथे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने तेथील महाविहारात अशी वाटी बुडताच नगारा वाजवत असल्याची नोंद केली आहे. महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडत.

ज्योतिषग्रंथांत या पात्राचे माप ठरलेले असे: दहा पळे वजनाचे तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे व्यास, शिवाय छिद्र पाडण्याच्या सोन्याच्या सुईचे वजन. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) हा काटेकोरपणा अनावश्यक ठरवला. त्यांच्या मते पात्र कोणत्याही मापाचे चालेल; ते अहोरात्रात किती वेळा बुडते हे मोजून ६० घटिकांना त्या संख्येने भागावे, म्हणजे त्या पात्राचा काळ मिळतो.