स्कोप आज घेतला, पण पूर्ण कधी मिळणार?

तुम्ही बीएस्सीला फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं असेल, तर 'सीआरओ' हा शब्द डोक्यात पक्का बसलेला असणार. कॅथोड रे ऑसिलोस्कोप. आता बहुतेक नव्या स्कोपमध्ये कॅथोड रे ट्यूब शिल्लकच नाही, सपाट पडदा आहे. तरी लॅब असिस्टंटपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्याला सीआरओच म्हणतात. ट्यूब गेली, नाव राहिलं.

या यंत्रांच्या माहितीपत्रकात हल्ली एक वाक्य हमखास भेटतं: अमुक फीचर पुढच्या फर्मवेअर अपडेटमध्ये येईल. म्हणजे पैसे आज द्यायचे, खोकं आज घरी न्यायचं, आणि यंत्राचा काही भाग नंतर मिळणार. माझी एक मैत्रीण कॉलेजात शिकवते. तिच्या विभागाला यंदा एक चांगला स्कोप घ्यायचाय, आणि असा योग पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. तिने मला विचारलं, "तू एमएस्सी करून यंत्रांच्या इतिहासावर पीएचडी करतेयस ना, मग सांग. अर्धवट यंत्र विकायची ही पद्धत नवीनच आहे का गं?"

पद्धत जुनी आहे. पण नंतर मिळणारी गोष्ट नेमकी काय आणि ती कोणाच्या हातात राहते, हे मात्र साफ बदललंय. ते कसं, ते बघू.

सुरुवात १८९७ ची. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी स्ट्रासबुर्गमध्ये (तेव्हा ते जर्मनीत होतं) कॅथोड किरणांची नळी बनवली, ज्यात विद्युतप्रवाह बदलला की पडद्यावरचा ठिपका हलायचा. दोनच वर्षांत त्यांचे सहकारी योनाथन त्सेनेक यांनी ठिपक्याला आडव्या दिशेने एका ठरावीक वेगाने सरकवायची सोय केली, आणि काळाचा अक्ष मिळाला. नळी होती तीच, क्षमता मात्र नवीन.

पुढची पन्नासेक वर्षं मी पटकन ओलांडते, कारण खरी गंमत अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात आहे. तिथे १९४६ मध्ये हॉवर्ड व्होलम, जॅक मर्डॉक आणि त्यांच्या साथीदारांनी टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. व्होलम यांनी युद्धकाळात रडारवर काम केलं होतं. १९४७ मध्ये त्यांचा ५११ हा स्कोप आला, किंमत ७९५ डॉलर. त्याचा मोठा गुण म्हणजे ट्रिगर. आधीच्या बहुतेक स्कोपमध्ये ठिपका आपल्या लयीत डावीकडून उजवीकडे धावत राही, आणि सिग्नलची लय त्याच्याशी जुळवता जुळवता माणूस घामाघूम होई. वेळ झाली की सुटणारी एसटी, प्रवासी आले काय, न आले काय! ट्रिगर म्हणजे वडापची जीप. प्रवासी चढल्याशिवाय ती हलत नाही. सिग्नल एका ठरावीक पातळीला आला की मगच ठिपका निघतो, त्यामुळे चित्र पडद्यावर स्थिर दिसतं.

१९५४ मध्ये याच कंपनीने ५३० मालिका आणली, आणि आपल्या विषयाचं मूळ तिथे आहे. या स्कोपच्या पुढच्या भागात एक चौकोनी खण होता. सिग्नल आत घेणारा प्रवर्धक वेगळ्या डब्यात भरून त्या खणात सरकवायचा. याला प्लगइन म्हणत. एक प्लगइन साध्या कामासाठी, एक अगदी क्षीण सिग्नलसाठी, एक दोन सिग्नल एकत्र दाखवणारं, एक दोन सिग्नलांतला फरक दाखवणारं. त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं होती: ए, बी, सी, डी. ग्राहक मुख्य यंत्र आणि एकदोन प्लगइन घ्यायचा. बाकीची, अनुदान मिळेल तशी.

यातलं 'एन' प्लगइन माझं विशेष लाडकं. ५३० आणि ५४० मालिकेतल्या स्कोपची स्वतःची धाव होती १० ते ३० मेगाहर्ट्झच्या आसपास. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर आलेलं 'एन' प्लगइन सॅम्पलिंगची युक्ती वापरायचं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेगवान सिग्नलमधून प्रत्येक फेरीत एकेक थेंब टिपायचा आणि त्या थेंबांतून सावकाश चित्र रचायचं. त्यामुळे त्याच जुन्या, संथ यंत्रावर नॅनोसेकंदापेक्षा कमी वेळात घडणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. मुख्य यंत्र घेताना ग्राहकाने याची कल्पनाही केली नसेल. आजच्या भाषेत हे जबरदस्त अपडेट! फरक इतकाच, की ते हातात धरता यायचं.

आणखी एक प्रकार होता, फील्ड मॉडिफिकेशन किटचा. विकलेल्या यंत्रात नंतर सुधारणा सुचली, की कंपनी सुटे भाग, आकृती आणि सूचना यांचं पाकीट बनवायची. कोणत्या अनुक्रमांकापासून कोणत्या अनुक्रमांकापर्यंतच्या यंत्रांना ते लागू आहे हे त्यात लिहिलेलं असे. 'सर्व्हिस स्कोप' नावाच्या त्यांच्या पत्रिकेत अशा किटांची माहिती छापून येई. मग सोल्डरिंग गन घ्यायची आणि बसायचं. या स्कोपमध्ये सिरॅमिकच्या पट्ट्यांवर जोडण्या असायच्या, त्यांना चांदी मिसळलेलं सोल्डर लागतं. साधं सोल्डर वापरत राहिलं तर पट्टीवरचा धातूचा थर सुटू शकतो. म्हणून कंपनी यंत्राच्या आतच त्या सोल्डरचं छोटं रीळ ठेवून द्यायची! मला विचाराल तर या इतिहासातली सगळ्यात बोलकी वस्तू हीच. आपलं यंत्र कुणीतरी उघडणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं होतं.

आता ऐंशीच्या दशकात या. १९८५ ला लेक्रॉय कंपनीचा ९४०० हा डिजिटल स्कोप आला. सिग्नल आत आला की एडीसी त्याचे आकडे करतो, आकडे मेमरीत जातात, पुढचं सगळं गणित. असे डिजिटल स्कोप आधीही होते, पण याच सुमाराला आणखी दोन गोष्टी घडल्या. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली, आणि १९८५ मध्ये झायलिंक्सने एफपीजीए, म्हणजे पुन्हा पुन्हा नव्याने जुळवता येणारी चिप, बाजारात आणली. फ्लॅशमुळे यंत्रातला प्रोग्रॅम खोकं न उघडता बदलता येऊ लागला. आधी त्यासाठी चिप उपटून नवी बसवावी लागायची. एफपीजीएमुळे प्रोग्रॅमच कशाला, आतलं सर्किटसुद्धा फाइल पाठवून बदलता येऊ लागलं.

मग आला माझ्या मते या कथेतला सगळ्यात मजेदार तुकडा. टेक्ट्रॉनिक्सच्याच टीडीएस ३००० या नव्वदीच्या अखेरच्या स्कोपला पुढच्या बाजूला छोटे खाचे होते. एफएफटी हवं? एक लहानसं मॉड्यूल विकत घ्या, खाचेत बसवा, मेनूत एफएफटी दिसू लागेल. दिसायला अगदी प्लगइनचं नातवंड. पण आत काय होतं? गणित करणारं काहीच नाही. आपण कोण आहोत एवढंच सांगणारी एक चिमुकली मेमरी. एफएफटीचा प्रोग्रॅम स्कोपमध्ये आधीपासून बसलेला होता, मॉड्यूल फक्त किल्ली. रूप जुन्या वस्तूचं, काम परवानगीचं.

२०११ मध्ये एजिलंटच्या (आजची कीसाइट) २००० एक्स आणि ३००० एक्स मालिकांनी तो तुकडाही उडवला. या स्कोपच्या तोंडावर सिग्नल जनरेटरचं सॉकेट आहे, आत जनरेटरही आहे, पण लायसन्सचा कोड भरेपर्यंत तो मुका. त्याच्या थोडं आधी रिगोलच्या डीएस १०५२ ई या स्वस्त स्कोपची गोष्ट जगभर गाजली होती. ५० मेगाहर्ट्झचा हा स्कोप आणि १०० मेगाहर्ट्झचा त्याचा महागडा भाऊ आतून सारखेच होते, फरक सॉफ्टवेअरने घातलेला. ओळख बदलली की धाकटा थोरला व्हायचा. यावर लोकांचे दोन तट आहेत. काहींना ही ग्राहकाची फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. जे विकलं ते ५० मेगाहर्ट्झ म्हणूनच विकलं, आणि एकच माल बनवून दोन किमतींना विकल्यामुळे गरीब लॅबला स्वस्त यंत्र मिळालं. माझी तक्रार वेगळी आहे. प्लगइन या यंत्रातून काढून त्या यंत्रात घालता यायचं. कोड सहसा एकाच अनुक्रमांकाला बांधलेला असतो. यंत्र मेलं की विकत घेतलेली क्षमताही सती जाते. आपल्या कॉलेजांच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये प्लगइनला स्वतःची ओळ मिळाली असती. कोडला कुठली ओळ देणार?

इथवर नंतर मिळणारी गोष्ट निदान अस्तित्वात तरी होती, कपाटात नाहीतर कुलपात. मैत्रिणीच्या माहितीपत्रकातली गोष्ट तिसऱ्या जातीची आहे: ती अजून कुणी बनवलेलीच नाही.

हे नेहमी वाईटच ठरतं असं नाही हं. ऑस्ट्रेलियाच्या लिक्विड इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं मोकू लॅब हे यंत्र बघा. गुरुत्वीय लहरी आणि उपग्रहांमधलं अंतर लेझरने मोजण्याच्या संशोधनातून आलेली ही मंडळी. यंत्राच्या पोटात एफपीजीए, आणि तोच कधी ऑसिलोस्कोप होतो, कधी फेजमीटर, कधी आणखी काही. सुरुवातीला त्यात मोजकीच उपकरणं होती. पुढे अपडेटमधून लॉक-इन अँप्लिफायर, पीआयडी कंट्रोलर अशी भर पडत संख्या १२ वर गेली. खोकं तेच. ज्यांनी आधी घेतलं होतं त्यांचा फायदाच झाला.

पण मैत्रिणीला मी सांगितलं ते असं. आधी बघ, जे 'येणार' आहे ते येऊ शकतं का. एडीसी ८ बिटचा असेल तर एका मोजणीत पातळ्या २५६ च. सरासरी काढून बारकावा वाढवता येतो, पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. आतल्या प्रवर्धकाचा गोंगाट कुठलंही अपडेट पुसत नाही. मेमरीची चिप जेवढी बसवलीय तेवढीच. उलट नवा डीकोडर, नवं गणित, नवीन प्रकारचा ट्रिगर हे खरोखर फाइलमधून येऊ शकतं.

आणि मग कॅलेंडर बघ. आपलं अनुदान ३१ मार्चला संपतं. बिल चुकतं होतं, विनियोग प्रमाणपत्र जातं, आणि त्यानंतर कंपनीवर दबाव आणायला तुझ्याकडे काहीच उरत नाही. संशोधक विद्यार्थ्याचंही घड्याळ असतं: जेआरएफची दोन वर्षं, एसआरएफची तीन. ज्या फीचरच्या भरवशावर प्रयोग आखला ते चौथ्या वर्षी आलं, तर ते त्याच्या धाकट्याच्या कामाचं. तेव्हा तांत्रिक अटींमध्ये लिही, की प्रत्येक सुविधा यंत्र बसवताना चालवून दाखवावी लागेल. तुलनात्मक तक्त्यात 'लवकरच' या शब्दाला शून्य गुण. आलंच नंतर काही, तर वरकमाई.

ती म्हणाली, "मग सगळ्यात चकचकीत स्कोप यादीतून बाद होतो." होतो. तिने तक्ता तसाच केला, आणि दुसऱ्या क्रमांकाचा स्कोप वर आला. चार चॅनल, दिसायला साधा, पण जे छापलंय ते सगळं आज चालणारा.

जाता जाता प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुन्या नोंदवह्यांत स्कोपचा नंबर आणि प्लगइनचं अक्षर लिहिलं की पुरायचं. पुढे त्याच खोलीत कुणालाही तीच जोडणी पुन्हा उभी करता यायची. आता नुसतं मॉडेलचं नाव लिहून भागत नाही, कारण अपडेटनंतर तेच यंत्र उगवतीचा काळ किंवा आरएमएस वेगळ्या रीतीने काढू शकतं. यंत्राच्या मेनूत 'अबाउट' किंवा 'सिस्टिम इन्फो' अशा पानावर फर्मवेअरची आवृत्ती असते. मोजणीच्या दिवशी ती तारखेसकट वहीत उतरवा.