पाटीलबाबांचा जनरल: हुद्दा, पगार आणि हातचं कसब



गेल्या महिन्यात माझ्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांचा फोन आला. अठ्ठावीस वर्षं पलटणीच्या गाड्या सांभाळलेला माणूस. हातात दोन नोकऱ्या होत्या. एक 'सुरक्षा अधिकारी' म्हणून, पगार चार हजारांनी जास्त. दुसरी ट्रकच्या वर्कशॉपमध्ये फोरमनची. म्हणाले, "साहेब, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता गावात फोरमन आहे असं सांगू?"

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, लगेच होकार देऊ नका. आधी एका माणसाची गोष्ट ऐका." तीच आज तुम्हालाही सांगतो.

1751 साली सॅव्हॉयमधल्या शांबेरी गावात एका कातड्याच्या व्यापाऱ्याला मुलगा झाला. आडनाव लेबॉर्न. पुढे त्यानं ते बदलून खानदानी वाटेल असं 'द बॉइन' केलं. मराठी इतिहासात तो डी बॉईन म्हणून येतो. म्हणजे नावाचा आणि हुद्द्याचा सोस त्यालाही होता. फ्रान्सच्या आयरिश ब्रिगेडमध्ये तो कवायत शिकला, मग रशियाच्या बाजूनं तुर्कांशी लढताना कैद झाला. 1778 मध्ये मद्रासला येऊन कंपनीच्या फौजेत एन्साइन झाला. हा अधिकाऱ्यांतला सर्वांत खालचा हुद्दा. अंगावर कंपनीचा गणवेश होता, पण पुढे वाट दिसेना. 1782 मध्ये त्यानं राजीनामा दिला.

1784 मध्ये त्याला महादजी शिंद्यांनी नोकरीवर घेतलं. दोन पलटणी उभ्या करायच्या. स्वतःला दरमहा 1000 रुपये, शिवाय प्रत्येक शिपायामागे आठ रुपये. भरती, गणवेश, कवायत, सगळं त्यानंच पाहायचं. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतून देत होता. हुद्द्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं, पण जे येत होतं ते पूर्ण वापरायला मोकळीक होती.

1787 मध्ये लालसोटला महादजींच्या बाजूची बादशाही फौज शत्रूला जाऊन मिळाली. डी बॉईनच्या पलटणी मात्र फुटल्या नाहीत. 1788 मध्ये चक्साना आणि आग्र्यालाही त्या उपयोगी पडल्या. तेव्हा त्यानं मोठी फौज मागितली. खर्चाचा विचार करून महादजी तयार झाले नाहीत. डी बॉईन नोकरी सोडून लखनौला गेला आणि क्लोद मार्तांच्या साथीनं कापड-निळीच्या व्यापारात पडला. व्यापारात पैसा मिळत होता.

मग 1790 मध्ये महादजींनी बोलावल्यावर तो परत का आला? पगार वाढला, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आता पूर्ण ब्रिगेड मिळाली, आणि तिच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख लावून दिला गेला. वसूल थेट फौजेकडे, शिपायाचा पगार वेळेवर. इंग्रजांविरुद्ध लढणार नाही, ही आपली अटही त्यानं आधीच सांगून टाकली. त्याच वर्षी 20 जूनला पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता, या दोन्ही लढाया त्या फौजेनं जिंकल्या.

आता त्याच्या धन्याकडे पाहा. 1784 मध्येच शाह आलम बादशहानं 'वकील-इ-मुतलक' हे पद पेशव्यांच्या नावे दिलं आणि त्याचा कारभार महादजींच्या हाती आला. साम्राज्यात याहून मोठं पद नव्हतं. तरी महादजी स्वतःला पाटील म्हणवत, लोक पाटीलबाबा म्हणत. दिल्लीचा कारभार हातात असल्यावर पाटील म्हणवून घेण्यात त्यांचं काय जात होतं?

उलट बाजूही सांगतो. डी बॉईन अमाप संपत्ती घेऊन मायदेशी गेला, त्याची जागा पेराँला मिळाली. हुद्दा तोच, फौजही मोठी. पण 1803 मध्ये कंपनीशी युद्ध पेटताच अनेक गोरे अधिकारी निघून गेले आणि पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. भाड्यानं आणलेलं कसब आलं तसं निघून गेलं.

माझीही चूक कबूल करतो. कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर मी एका कंपनीत 'उपाध्यक्ष' झालो. केबिन होती, गाडी होती, पण एक कुलूप घ्यायचं तरी दुसऱ्याची सही लागे. अकरा महिन्यांत बाहेर पडलो, तोवर हाताला गंज चढला होता.

म्हणून सुभेदारसाहेबांना तीन प्रश्न दिले. रोज सकाळी हातात नेमकं काय काम असेल? त्यासाठी माणसं आणि पैसा तुमच्या हाती असेल का? पाच वर्षांनी तुमचं कसब वाढलेलं असेल की विसरलेलं? चार हजार ही लहान रक्कम नाही, घरात मुलीची फी आहे. पण तो हिशेब या तिन्हींनंतर करा.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. वर्कशॉप पाहून आले होते. "साहेब, हाताखाली आठ पोरं आहेत. सुटे भाग मागवायला सही माझीच. आणि सहा महिन्यांनी पगाराचं पुन्हा बोलायचं, हे मालकाकडून लिहून घेतलंय."

मी विचारलं, "आणि गावात काय सांगणार?"

"सांगायचं काय साहेब? गावातले ट्रक तिथंच येतात."

जय हिंद.