जलतरण सरावाची साधने

जलतरण सरावाची साधने : पोहण्याच्या सरावात हात, पाय किंवा श्वसन यांपैकी एकेका अंगावर लक्ष देता यावे आणि फेऱ्यांचा एकसुरीपणा मोडावा, यासाठी तलावात वापरायची उपकरणे. किकबोर्ड, पुलबॉय, पॅडल, फिन्स, स्नॉर्केल व पेस क्लॉक ही त्यांतील प्रमुख.

वऱ्हाडातील पूर्वपीठिका : अकोला-अमरावतीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जातो. त्या उकाड्यात खेड्यांतली मुले विहिरीतच पोहायला शिकत. शिकाऊ पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा बांधत. पुढे चाकाची फुगवलेली ट्यूब आली. ही साधने तरंगत ठेवण्यापुरती होती. पोहता येऊ लागले की ती सुटत. शहरांत पोहण्याला शिस्तबद्ध व्यायामाचे रूप आले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. मंडळाच्या आवारात जलतरण तलाव आहे. अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगणावर तलाव आहे.

इतिहास : बेंजामिन फ्रँकलिन याने अठराव्या शतकाच्या आरंभी, लहानपणी, हातात धरायच्या लाकडी फळ्या करून पाहिल्या. वेग वाढला, पण मनगटे दुखली. फ्रान्समध्ये लुई द कोर्लिए याने १९३३ मध्ये रबरी फिन्सचे पेटंट घेतले.

प्रकार व कार्य : फोमचा किकबोर्ड हातांनी धरला की पुढे जाण्याचे सारे काम पायांवर येते. तरंगणारा पुलबॉय मांड्यांत धरल्याने कंबर वर राहते, पाय थांबतात आणि हातांची ओढ सुधारता येते. तळव्याला बांधायच्या पॅडलमुळे तळव्याचे क्षेत्र वाढते व पाण्याचा रोध अधिक जाणवतो. फिन्स वेग वाढवतात आणि घोट्याची लवचिकता वापरायला लावतात. तोंडासमोरच्या स्नॉर्केलमुळे श्वासासाठी मान वळवावी लागत नाही, म्हणून शरीराचा तोल न्याहाळता येतो. पेस क्लॉक या तलावाकाठच्या घड्याळाचा काटा ६० सेकंदांत फेरा पुरा करतो. त्याकडे पाहून एका लेनमधले पोहणारे पाच-दहा सेकंदांच्या अंतराने निघतात. उन्हाळी शिबिरांच्या गर्दीत याचा विशेष उपयोग होतो.

सरावाची आखणी : २५ मीटरच्या तलावात पुढील क्रम सोयीचा ठरतो : किकबोर्डने ४ × ५० मी., पुलबॉयने ४ × ५० मी. आणि शेवटी साधनाविना ४ × ५० मी. शेवटच्या दोन टप्प्यांत प्रत्येक लांबीला हातांचे किती फटके लागले हे मोजले तर ६०० मीटरच्या सरावाला खेळाची चुरस येते. मुलांसाठी तळाशी टाकलेल्या कड्या वेचणे किंवा किकबोर्डची रिले शर्यत उपयुक्त.

दक्षता व नियम : पॅडल तळव्याहून थोडेसेच मोठे असावे; मोठ्या पॅडलने खांद्यावर ताण येतो. नवशिक्याने ते टाळणे इष्ट. पुलबॉयची सवय लागली की पायांचे काम मागे पडते. शर्यतीत गॉगल चालतो. फिन्स, पॅडल यांसारखी वेग, तरंगशक्ती किंवा दमसास वाढवणारी साधने जागतिक नियमांनी निषिद्ध आहेत. त्यामुळे स्पर्धेची तयारी करणाऱ्याच्या सरावाचा मोठा भाग साधनांविना असावा लागतो.