स्फोटप्रवण वातावरणातील उपकरणे
ज्वलनशील वायू, बाष्प किंवा धूळ हवेत मिसळून पेट घेण्याचा संभव असलेल्या जागी वापरायची खास बनावटीची उपकरणे. मुंबई–गोवा महामार्गालगतचे पेट्रोल पंप हे अशा जागांचे नेहमीच्या पाहण्यातले उदाहरण होय.

पेट्रोलचे बाष्प हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की ठिणगीने पेटते. ते हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यांत आणि केबलच्या चरांत साचते.

वर्गीकरण : बाष्प सतत किंवा दीर्घकाळ राहते ती जागा (उदा., टाकीचा आतला भाग) झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून येते ती झोन १, क्वचित व अल्पकाळच येते ती झोन २. धुळीसाठी झोन २०, २१ व २२ आहेत. उपकरणाच्या पृष्ठभागाचे कमाल तापमान टी१ (४५०° से.) ते टी६ (८५° से.) या वर्गांनी दर्शवतात.

संरक्षण : फ्लेमप्रूफ पेटीत बाष्प शिरू शकते व स्फोटही होऊ शकतो, मात्र पेटी तो दाब सोसते आणि सांध्यांच्या अरुंद, लांब फटींतून बाहेर पडताना ज्वाला विझते. म्हणून एक बोल्ट सैल असला तरी संरक्षण संपते. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत सांध्यांचे पृष्ठभाग गंजून खड्डे पडतात. तेथे रंग न लावता न सुकणारे योग्य ग्रीस लावतात. न वापरलेली केबलची भोके प्रमाणित प्लगनेच बुजवावी लागतात. वीजप्रवाह चालू असताना पेटी उघडत नाहीत. टँकर रिकामा करताना होज जोडण्याआधी अर्थिंगची तार जोडतात, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही.

नियमन : पेट्रोलियम अधिनियम, १९३४ व पेट्रोलियम नियम, २००२ यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना करते. उपकरणांची मानके आयएस/आयईसी ६००७९ मालिकेत आहेत. कोळसा खाणींवर खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते. युरोपीय संघात २०१४/३४ हा ‘अटेक्स’ निर्देश लागू आहे.

प्रमाणपत्र उपकरणाच्या मूळ बनावटीला मिळते. दुरुस्तीत मूळ बनावटीपेक्षा वेगळा सुटा भाग बसवला, पेटीला नवे भोक पाडले किंवा बोल्ट कमी बसवले, तर ते उपकरण प्रमाणित राहत नाही. त्यामुळे नियमित तपासणी व प्रशिक्षित कारागीर हे या नियमांचे अविभाज्य अंग आहेत. पंपावर राबणाऱ्या माणसांचे प्राण त्यांवरच अवलंबून असतात.