दूध उत्पादकांचे अनुदान : क्लार्क काउंटीतील व्यवस्था

अमेरिकेतील विस्कॉन्सिन हे राज्य दुधासाठी प्रसिद्ध आहे. राज्याच्या मध्यभागी असलेली क्लार्क काउंटी हा त्यातील एक प्रमुख दुग्धोत्पादक भाग. (काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हा.) नील्सव्हिल या तिच्या मुख्यालयात गाईचा भव्य पुतळाही उभारलेला आहे. येथील गोठ्यांना मिळणारे अनुदान काउंटी प्रशासन देत नाही. ते केंद्र सरकारच्या कृषी खात्याचे असते. वाटप मात्र 'फार्म सर्व्हिस एजन्सी'च्या स्थानिक कार्यालयामार्फत होते. त्यावर शेतकऱ्यांनीच निवडलेल्या तीन ते अकरा सदस्यांच्या समितीची देखरेख असते. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते.

आधारभावापासून विम्यापर्यंत

१९४९ च्या कायद्यानुसार सरकार लोणी, चीज व दूध भुकटी खरेदी करून दुधाच्या भावाला आधार देत असे. २००२ च्या कृषी कायद्याने थेट मदतीची योजना आणली. बोस्टन येथील पिण्याच्या दुधाचा दर शंभर पौंडांमागे (सुमारे ४५ किलो) १६.९४ डॉलरच्या खाली गेला, की फरकाच्या ४५ टक्के रक्कम उत्पादकास मिळे. एका गोठ्याला वर्षाकाठी २४ लाख पौंडांपर्यंतच्या दुधावरच हा लाभ घेता येई. २०१४ मध्ये ही योजना आणि आधारभाव दोन्ही बंद झाले व नफ्याच्या विम्याची पद्धत आली. सुरुवातीला तिचा उत्पादकांना फारसा उपयोग झाला नाही. त्यामुळे २०१८ च्या कायद्याने तिच्या जागी 'डेअरी मार्जिन कव्हरेज' ही सुधारित योजना आणली.

हिशेब कसा होतो?

दुधाच्या राष्ट्रीय सरासरी भावातून मका, सोयापेंड व लसूणघास यांवर आधारित चाऱ्याचा खर्च वजा केल्यावर जे उरते, ते 'मार्जिन'. उत्पादक शंभर पौंडांमागे कमाल ९.५० डॉलरपर्यंतचे संरक्षण घेऊ शकतो. त्यासाठी १५ सेंट हप्ता आणि वर्षाला १०० डॉलर शुल्क भरावे लागते.

उदाहरणार्थ, सुमारे शंभर गाईंच्या गोठ्याचे नोंदलेले वार्षिक उत्पादन २४ लाख पौंड असेल, तर ९५ टक्के संरक्षणाचा वार्षिक हप्ता ३,४२० डॉलर होतो. जुलै २०२३ मध्ये मार्जिन ३.५२ डॉलरपर्यंत घसरले. अशा गोठ्याला त्या एका महिन्यासाठी, अनिवार्य कपातीपूर्वी, सुमारे ११,३६२ डॉलर देय झाले. त्या वर्षी देशभरात १२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली. मात्र ज्यांनी वेळेत नोंदणी केली नव्हती, त्यांना काहीच मिळाले नाही.

मर्यादा

या सूत्रात मजुरी, कर्जाचे व्याज व यंत्रसामग्री यांचा खर्च धरलेला नाही. शिवाय ते राष्ट्रीय सरासरीवर बेतलेले असल्याने एखाद्या गोठ्याचा प्रत्यक्ष तोटा त्यात उमटेलच असे नाही. स्वस्त हप्त्याच्या संरक्षणाची मर्यादा पूर्वी ५० लाख पौंड होती. २०२५ च्या कायद्याने ती २०२६ पासून ६० लाख पौंड केली आणि योजनेला २०३१ पर्यंत मुदतवाढ दिली. ही मर्यादा लहान व मध्यम गोठ्यांसाठी आहे. परंतु हजारो गाई पाळणारा मोठा उत्पादक दूध मुळातच कमी खर्चात काढतो.

त्यामुळेच, अनुदान असूनही परवानाधारक गोठ्यांची देशातील संख्या २००३ मधील सुमारे ७० हजारांवरून २०२३ मध्ये सुमारे २६ हजारांवर आली. भाव कोसळलेल्या महिन्यात हे अनुदान गोठा तगवते, यात शंका नाही. पुढच्या पिढीने तो चालवावा एवढे उत्पन्न मात्र ते देऊ शकत नाही. क्लार्कसारख्या ग्रामीण काउंटीपुढील खरा प्रश्न हाच आहे.