आपलं लिहिलेलं, आपण छापलेलं

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे. संपादक मंडळातली मुलं आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, २०१८ साली वर्षावासात लेखनाचे वर्ग घेऊन वस्तीचं पुस्तक काढलं होतं ना, त्याचा इतिहास तुम्ही लिहा." आम्ही होकार दिला. पण लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की ह्या ऐंशी पानांच्या पुस्तकाचा इतिहास आपल्या वस्तीत सुरू होतच नाही. तो पुण्यात सुरू होतो, १८५५ साली.

त्या वर्षी मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. मुलगी मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म तरी कोणता, असा रोखठोक सवाल तिने केला. शाळकरी पोरीचं लिखाण, पण आजही वाचताना अंगावर काटा येतो. हा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचं पत्र. म्हणजे लिहिणारी आपली होती, छापखाना दुसऱ्याचा होता. ही गोष्ट लहान नाही, बंधूभगिनींनो. ज्याचा छापखाना, त्याच्या मर्जीवर आपला शब्द.

म्हणूनच पुढच्या माणसांनी पदरमोड करून पत्रं काढली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' काढले. नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी तर स्वतःचा छापखाना घातला. ३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी' तयार झाला नाही. १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'मध्ये तर बाबासाहेबांना चोवीस चोवीस रकाने स्वतःच लिहून काढावे लागले. लिहिणारी दुसरी माणसं तयार व्हायची होती. ती झाली 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ह्या पत्रांच्या काळात.

आणि गाणी? जलशाची गाणी वहीत असायची, वहीवरून दुसऱ्या वहीत जायची. पुढे त्यांच्या लहान लहान पुस्तिका झाल्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जमिनीवर कापड अंथरून विकायला ठेवलेल्या त्या पुस्तिका कोणी पाहिल्या नाहीत? साहित्याचे मोठे मोठे इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांची नोंद घेतली नाही ती नाही. आमच्या मते आपल्या समाजाचं प्रकाशन म्हणजे आधी त्या पुस्तिका.

२ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन झाले. अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. गिरणीत राबलेला, शाळेची पायरी जेमतेम चढलेला माणूस! आम्हा गिरणी कामगारांना त्याचा अभिमान आहे. पुढे औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि लेखक-वाचक मेळावे भरवले. खेड्यातून आलेली पोरं तिथे कविता वाचत, चुका ऐकून घेत, पुन्हा लिहीत.

पण बायांचं काय? इथे आपल्याला मान खाली घालावी लागते. फलटणच्या बेबीताई कांबळे आपलं लिखाण नवऱ्यापासून लपवून ठेवत होत्या, तेही वीस वर्षं. दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतून त्यांना वाचनाची गोडी लागली. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली. मुक्ता साळवेंचा निबंध १८५५ चा. हिशेब तुम्हीच करा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' काढले ते १९८९ साली. तोवर त्या बायांना विचारलंच कोणी होतं?

हे सगळं आम्हाला पाठ होते. भाषणात आम्ही हे सांगतही होतो. तरीही आमच्या हातून काय झाले ते आता लिहितो.

२०१८ च्या वर्षावासात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन झाल्यावर सगळे बसूनच राहायचे. मग तासभर लेखनाचा वर्ग. विषय साधे दिले: आपलं गाव, पहिला पगार, आईचे हात. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी बोलायचे आणि नातवंडांनी उतरवून घ्यायचे. आधी सात-आठ जण यायचे, नंतर चटया कमी पडू लागल्या. वॉचमनचं काम करणारे एक दादा तर पाळी बदलून यायचे.

मजकूर जमला आणि पहिली चूक तिथेच झाली. एका निवृत्त गुरुजींनी सगळं 'शुद्ध' करून दिलं. 'व्हतं'चं 'होतं', 'म्हनली'चं 'म्हणाली'. आम्हालाही ते बरे वाटले. प्रूफ आलं तेव्हा आमची रात्रपाळी होती, साचेखात्यात चहाच्या सुट्टीत वाचलं, एक चूक सापडली नाही. रविवारी विहारात ते वाचून दाखवलं तर वॉचमन दादा म्हणाले, "छान हाय. पर हे माजं न्हाई. कुनाचं हाय?" गुरुजींना राग आला. दोन रविवार वाद झाला. शेवटी ठरले, जो जसा बोलला तसंच छापायचं. डीटीपीवाल्याने दुरुस्तीचे जादा पैसे लावले, ते समितीने भरले.

दुसरी चूक मोठी होती. एका आजींनी १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगितली होती, नातीने उतरवून घेतलेली. दुष्काळी कामावर खडी फोडणं, पोरांसाठी मिळणारी सुकडी, खडीने फुटलेली बोटं. हे सगळं छापायला कोणाची ना नव्हती. पण पुढे आजींनी सांगितलं होतं, की पगाराच्या दिवशी नवरा पैसे काढून घ्यायचा आणि दारू प्यायचा. एकदा त्यांनी दोन रुपये चुलीमागे पुरून ठेवले, ते सापडले म्हणून लाकडाने मार खाल्ला. तरी पुढच्या पगाराला पुन्हा लपवले आणि पोराला पाटी घेतली.

तो पोरगा म्हणजे आमच्याच समितीतला कार्यकर्ता. तो म्हणाला, "वडील कालकथित झालेत. त्यांचं असं छापू नका. बाहेरचे लोक वाचतील, समाजाला नावं ठेवतील." समितीत सहा जण, त्यात बाई एकच. तिने विरोध केला. आम्ही पाच जणांनी ठरवलं, तेवढा भाग गाळू, बाकी ठेवू. 'जिणं आमुचं'मध्येही नवऱ्यांच्या मारहाणीचं लिहिलंय आणि त्या पुस्तकाचा गौरव आम्ही व्यासपीठावरून केला होता, हे त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकालाही आठवू नये?

आजींना कळवायला आम्हीच गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुष्काळ ठिवता आन मार काढता व्हय? मंग समदंच काढा. माजं नाव बी काढा." एवढं बोलून पुन्हा सुपाकडे बघू लागल्या. चहासुद्धा विचारला नाही.

त्यांची तीन पानं निघाली. रिकाम्या जागी आम्ही देणगीदारांची यादी टाकली. पाच फॉर्मचं पुस्तक, तीनशे प्रती, साधी पिन मारलेली. ३ जानेवारी २०१९ रोजी सावित्रीमाईंच्या जयंतीला प्रकाशन झालं. लोकांनी कौतुक केलं, प्रती हातोहात गेल्या. आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या नातीने आम्हाला जय भीम घातला नाही.

पुढे प्रती संपल्या, पुन्हा छापायची मागणी आली, तेव्हा आम्हीच बैठकीत विषय काढला. ह्या वेळी बैठकीला फक्त समिती नव्हती, लिहिणारे सगळे बोलावले होते, त्यात बाया जास्त. चर्चेला फार वेळ लागला नाही. आजींच्या घरी आम्ही पुन्हा गेलो, लिखाण वाचून दाखवलं आणि छापू का म्हणून विचारलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. पाटी आठ आण्याची लिहिली होती, ती बारा आण्याची होती.

दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आली. आजींची तीन पानं नावासकट आहेत, देणगीदारांची यादी मागच्या कव्हरवर गेली. आजींचा मुलगा त्यानंतर समितीच्या बैठकीला आला नाही. बुद्धपौर्णिमेला येतो, वंदना घेतो आणि जातो. त्या वर्षाचं पावतीपुस्तक अजून त्याच्याकडेच आहे, ते मागायला जायचं आमच्याच्यानं होत नाही.